चार शेळ्या चार : एका अक्षराचे दोन उच्चार

‘चार शेळ्या चार.’ हे तीन शब्दांचे वाक्य वाचकांनी एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. मराठी घरात वाढलेला माणूस पहिला ‘चार’ म्हणताना जीभ टाळूला लावतो आणि शेवटचा म्हणताना ती दातांच्या मागे नेतो. पहिला चार हा आकडा. दुसरा ‘चारणे’ या क्रियापदाची आज्ञा. कागदावर मात्र दोन्ही शब्द काना-मात्रेचाही फरक न ठेवता सारखेच उतरतात. ‘मराठी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते’ हे वाक्य मी शाळेत शिकलो, पुढे अनेक व्याख्यानांत ऐकले आणि स्वतःही पुष्कळदा उच्चारले. या तीन शब्दांनी ते खोटे पडते.

हे माझ्या लक्षात आणून दिले ते जपानी भाषेने. गेल्या वर्षी दिवाळीला माझा भाचा पुण्याहून आला. तो नोकरी सांभाळून जपानी शिकतो. फराळ झाल्यावर त्याने वही पुढे केली.

“मामा, हे बघा. अक्षर एकच, पण वाचायचं दोन तऱ्हेनं. अर्थ पण भाऊ-भाऊच. आता हे पाठ तरी कसं करायचं?”

मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही. पोटापाण्याचे काम हिशेबाचे केले आणि जुनी खतपत्रे वाचता यावीत म्हणून मोडी शिकलो. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद लिहीत नाहीत. ‘दिन’ की ‘दीन’ हे पुढचे-मागचे वाचून ठरवावे लागते. त्यामुळे एका खुणेचे दोन उच्चार ही गोष्ट मला परकी नव्हती. पण भाच्याच्या वहीत होते ते अधिक खोल होते. गेले वर्षभर मी त्याच वहीच्या मागे लागलो आहे.

जपानकडे स्वतःची लिपी नव्हती. सुमारे पाचव्या-सहाव्या शतकापासून तेथे चिनी चित्राक्षरे रुजली. त्यांना जपानी लोक कांजी म्हणतात. अक्षराबरोबर त्याचा चिनी उच्चारही आला. पण त्या वस्तूला, त्या क्रियेला घरचा जपानी शब्द आधीपासून होताच. जपान्यांनी दोन्ही ठेवले. पाण्याचे अक्षर एकटे आले तर ते ‘मिझु’ असे घरच्या शब्दाने वाचायचे आणि जोडशब्दात आले तर ‘सुइ’ असे चिनी वळणाने. घरच्या वाचनाला ‘कुन’ म्हणतात, आणलेल्या वाचनाला ‘ओन’. इथपर्यंत सोपे आहे. घोटाळा होतो तो चिनी अक्षर एक आणि घरची क्रियापदे दोन असली की. मग दोन्ही क्रियापदे एकाच खुंटीवर टांगली जातात.

भाच्याच्या वहीतले पहिले उदाहरण दोन झडपांच्या दाराच्या चित्रावरून बनलेल्या अक्षराचे होते. अर्थ उघडणे. ते ‘आकु’ असेही वाचतात आणि ‘हिराकु’ असेही. आकु म्हणजे बंद असलेले मोकळे होणे, मध्ये वाट होणे. दार आकु होते. भिंतीला भोक पडते तेही आकु. हिराकु म्हणजे मिटलेले पसरणे, दोन्ही अंगांनी फाकणे. फूल हिराकु होते, छत्री हिराकु होते. फूल कधीही आकु होत नाही. दुकान सकाळी दहाला उघडते ते आकु, आणि एखाद्याने बाजारपेठेत नवे दुकान काढले तर ते हिराकु. आपण मराठीत दार ‘उघडते’, फूल ‘उमलते’ आणि दुकान ‘थाटतो’ असे वेगळे शब्द वापरतो आणि वेगळे लिहितोही. जपानी माणूस वेगळे बोलतो, पण एकाच अक्षराने लिहितो. वाचणाऱ्याने वाक्याकडे पाहून ठरवायचे. काही ठिकाणी तर दोन्ही वाचने चालतात आणि ठरवणे वाचणाऱ्याच्या कानावर राहते.

दुसरे उदाहरण मला याहून आवडले. कवेत घेण्याचे अक्षर ‘दाकु’ असे वाचले तर लेकरू कडेवर घेतलेले असते. तेच ‘इदाकु’ असे वाचले तर मनात आशा बाळगलेली असते, किंवा शंका, किंवा राग. मुळात ही दोन्ही एकाच जुन्या शब्दाची रूपे आहेत; पुढे एकाकडे शरीराचे काम आले आणि दुसऱ्याकडे मनाचे. मराठीत ‘बाळगणे’ या क्रियापदाच्या पोटातच बाळ आहे, आणि आपण आशाही बाळगतो, भीतीही बाळगतो. जपानी उच्चाराने भेद केला. आपण केला नाही.

थांबवण्याचे अक्षर ‘तोमेरु’ असे वाचले की गाडी थांबवली जाते आणि ‘यामेरु’ असे वाचले की तंबाखू सोडली जाते. आणखी एका अक्षरापाशी मी बराच थबकलो. ‘योगोरेरु’ वाचले तर कपडे मळतात. तेच अक्षर ‘केगारेरु’ वाचले तर विटाळ होतो. धुतल्याने जातो तो मळ, आणि धुऊनही जात नाही असे मानले तो विटाळ. या दुसऱ्या कल्पनेवरून जपानातही काही जमातींना शतकानुशतके गावाबाहेर ठेवले गेले. आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

जन्माच्या-जगण्याच्या एका अक्षराला तर जपान सरकारच्या अधिकृत यादीतच बारा वाचने दिलेली आहेत. ‘इकिरु’ म्हणजे जगणे, ‘उमारेरु’ म्हणजे जन्मणे, ‘हाएरु’ म्हणजे गवत किंवा दाढी उगवणे, ‘नामा’ म्हणजे कच्चे, न शिजवलेले. नीट पाहिले तर सगळे एकाच ओलाव्याचे कोंब आहेत.

आता घरी येऊ. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ ही अक्षरे दोन-दोन ध्वनींसाठी राबतात, ‘झ’चेही तसेच. चिमणीतला च टाळूवरचा, त्याला व्याकरणात तालव्य म्हणतात. चाकातला च दातांजवळचा, तो दंततालव्य. जिऱ्यातला ज पहिल्या जातीचा, जात्यातला दुसऱ्या. दुसरा ध्वनी दाखवायचा असेल तेव्हा काही अभ्यासक अक्षराखाली टिंब देतात: च़, ज़. या लेखात गरजेपुरते मीही तेच करतो. असे दोन उच्चार कोकणीत आहेत, तेलुगूतही आहेत. हिंदी भाषकाला मात्र ते कितीही वर्षे पुण्यात राहून नीट साधत नाहीत.

कोणता च कुठे, याला ढोबळ नियम आहे. इ आणि ए या स्वरांच्या आधी बहुधा टाळूचाच येतो: चिंच हा शब्द उच्चारून पाहा, पहिला च टाळूचा, दुसरा दातांचा. अ, आ, उ, ओ यांच्या आधी दातांचा येतो: चटणी, चाक, चूल, चोर. बाहेरून आलेल्या शब्दांनाही मराठीने हाच नियम लावला. निजामाच्या राज्यात बीडकरांच्या बोलण्यात उर्दूतून जमीन, जोर, बाजार हे शब्द पक्के झाले. त्यांचा ज दातांचा. ‘जिल्हा’ त्याच वाटेने आला, पण मागून इकार असल्याने त्याचा ज टाळूवर गेला. ‘माझा’ म्हणताना झ दातांजवळ आणि ‘माझी’ म्हणताना टाळूवर, हे तर आपण श्वास घेतल्यासारखे करतो.

मग ‘चार’ या आकड्याच्या च पुढे आकार असूनही तो टाळूचा कसा? जुन्या मराठीत हा शब्द ‘च्यारि’, ‘च्यार’ असा होता. य गेला, पण जाताना चला टाळूवरच ठेवून गेला. शेळ्या चारण्यातल्या ‘चार’मध्ये असा य कधी नव्हता.

पण नियमाला खरा छेद देतात ते संस्कृतातून थेट उचललेले शब्द. त्यांत आकारापुढेही टाळूचाच च-ज राहतो. चक्र टाळूचे, चाक दातांचे. चंद्र टाळूचा, चांदणे दातांचे. चर्म टाळूचे, चामडे दातांचे. सरकारी फलकावर ‘जलसंधारण’ असते तो ज टाळूचा. आजीच्या ओवीत ‘जळ’ येते तो ज दातांचा. मिझु आणि सुइ यांची जोडी आठवा. घरचे एक वाचन आणि पोथीतून आलेले दुसरे, हीच ती व्यवस्था. जपानने ओन चीनकडून घेतले, आपण संस्कृतकडून. फरक इतकाच की चक्र आणि चाक आपण वेगळे लिहितो, म्हणून वाचणाऱ्याला इशारा मिळतो.

जिथे हा इशाराही मिळत नाही, तिथे मराठी थेट जपानीच्या शेजारी जाऊन बसते. संस्कृतातला ‘चर्’ हा धातू घ्या. त्याचे अर्थ फिरणे, वागणे, आणि गुरांनी फिरत फिरत खाणे. मराठीत त्याची दोन घरे झाली. गुरांचे काम दातांच्या चकडे आले: चरणे, चारणे, चारा, चराई. माणसांचे काम टाळूच्या चने घेतले: आचरण, चरित्र, संचार, गुप्तचर. अक्षरे तीच, ‘च’ आणि ‘र’. गुरांसाठी कुन आणि माणसांसाठी ओन, असे म्हणायला हरकत नाही. मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या अंबाजोगाईत बसून मी हे लिहितो आहे. या गावात दासोपंतांची पासोडी जपलेली आहे. कापडावर लिहिलेला अख्खा ग्रंथ. कापडावर लिहिण्याइतकी कल्पकता असलेल्या या परंपरेनेही दातांच्या चसाठी वेगळे अक्षर घडवले नाही. गरज वाटली नसावी. वाचणारा हा आधी ऐकणारा होता.

‘जात’चेही असेच. ‘मी जात आहे’ यातला ज दातांचा, कारण तो संस्कृत ‘या’ धातूच्या यकारापासून घरी घडला. ‘जात विचारू नको’ यातला ज टाळूचा, कारण तो ‘जाति’मधून आला. ‘जग’चेही तसेच: या जगात जग, असे म्हटले तर पहिला ज टाळूचा आणि दुसरा दातांचा.

पण माझ्या मनाला लागलेला शब्द ‘वाचा’ हा आहे. तो का लागला हे सांगतो. पाचवीत असताना धडा मोठ्याने वाचण्याची पाळी माझ्यावर आली. ‘आजोबांची वाचा गेली’ अशा अर्थाचे एक वाक्य होते. मी ‘पुस्तक वाचा’मधल्यासारखा दातांचा च लावला. वर्ग हसला. गुरुजींनी उभे केले आणि म्हणाले, “कान नाहीत का तुला?” कान होते. पण त्या कानांवर तो शब्द त्या उच्चाराने कधी पडलेला नव्हता. आमच्या घरी म्हाताऱ्या माणसाला वारे गेले तर ‘बोलणं बसलं’ म्हणत. ‘वाचा’ हा पोथी-पुराण चालणाऱ्या घरातला शब्द. घरचा च मला आईने दिला होता. दुसरा च देणारे कोणी नव्हते, आणि पुस्तकात तो छापलेला नव्हता.

‘वाचा’ म्हणजे वाणी आणि ‘वाच़ा’ म्हणजे वाचन करा. दोन्हींच्या मुळाशी ‘वच्’ म्हणजे बोलणे हाच धातू आहे. वाचणे म्हणजे मुळात कागदाला बोलते करणे. दाकु आणि इदाकु यांच्यासारखीच ही एका मुळाची दोन तोंडे. लिपीने त्यांना एकाच पोशाखात उभे केले, आणि ओळखायचे काम पाचवीतल्या पोरावर टाकले.

गंमत अशी की याच शब्दापाशी आणखी एक गुंता आहे, आणि तो आपण आपल्या हाताने केला. अपघातातून माणूस वाचतो ते ‘वाचणे’ निराळे. ते ‘वञ्च्’ या धातूकडून येते. वाकड्या वाटेने निसटणे, हुकवणे असा त्याचा अर्थ. फसवण्याचा अर्थही त्यातच, ‘वंचना’ आणि ‘वंचित’ तिथलेच. संकटाला हुकवून निसटला तो वाचला, आणि हक्काचे ज्याच्या हातून निसटले तो वंचित. जुन्या लेखनात हे क्रियापद ‘वांचणे’ असे अनुस्वार देऊन लिहीत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि उच्चारात न उरलेले व्युत्पत्तीचे अनुस्वार गेले. ‘नांव’चे नाव झाले आणि होडीच्या नावेशी मिसळले. ‘वांचणे’चे वाचणे झाले. आज ‘पुस्तक वाचून’ आणि ‘पुस्तकावाचून’ यांत एका जोडण्याचा फरक उरला आहे. अर्थ मात्र उलटे. पहिले वाचन ‘वच्’चे, दुसरे ‘वञ्च्’चे.

हे अनुस्वार परत आणा असे मी म्हणणार नाही. उच्चारात जे नाही ते मुलांकडून घोकून घेणे हा जाच होता, तो गेला ते बरेच झाले. पण त्या न्यायाने पाहिले तर उलट बाजूचा प्रश्न उरतोच. उच्चारात नाही म्हणून अनुस्वार काढला, तर उच्चारात जे स्पष्ट आहे ते अजून लिपीत का नाही?

जपानीत याच्या उलट प्रकारही आहे. बोलताना शब्द एक, लिहिताना अक्षरे अनेक. ‘किकु’ म्हणजे ऐकणे, विचारणे, आणि औषध लागू पडणे. पण औषधाच्या किकुचे अक्षर निराळे. ‘तोरु’ म्हणजे घेणे; फोटो काढण्याचा तोरु वेगळ्या अक्षराने, फळ-भाजी तोडण्याचा वेगळ्या, मासा धरण्याचा वेगळ्या. आपले ‘काढणे’ त्यांच्या हाती लागले असते तर किती अक्षरे खर्ची पडली असती! ज्वारी काढली, विहिरीतून पाणी काढले, फोटो काढला, कर्ज काढले, कारखान्याच्या खोपीत सहा महिने काढले. अर्थांच्या अशा विस्तारावर टोकियोच्या राष्ट्रीय जपानी भाषा संशोधन संस्थेत मोठे काम झाले आहे, आणि त्यात प्रा. प्रशांत परदेशी या मराठी भाषक अभ्यासकाचा पुढाकार आहे. मूलभूत जपानी क्रियापदांचे अर्थ उलगडून दाखवणारा त्यांचा कोश जगभरच्या शिकणाऱ्यांसाठी आहे. ‘काढणे’, ‘लागणे’, ‘सुटणे’ यांचा असा कोश मराठीला हवा आहे. पण तो निराळा विषय.

माझा मुद्दा जपान्यांनी आपल्या अडचणीचे काय केले, हा आहे. त्यांनी ती मान्य केली. सरकारने नित्य वापराच्या अक्षरांची यादी केली. २०१० च्या सुधारित यादीत २,१३६ अक्षरे आहेत आणि प्रत्येकापुढे त्याची वाचने नोंदलेली आहेत. त्यांतली १,०२६ प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत इयत्तावार शिकवतात. मुलांच्या पुस्तकात अवघड अक्षराच्या शेजारी किंवा डोक्यावर बारीक अक्षरांत उच्चार छापतात. त्याला ‘फुरिगाना’ म्हणतात. तिथल्या मुलाने वाचन चुकवले तर त्याला कोणी कानांबद्दल विचारत नसेल असे नाही, पण निदान पुस्तक त्याच्या बाजूने असते.

आपल्याकडे लिपी ध्वनीप्रमाणे चालते या अभिमानामुळे अडचण आहे हेच कबूल होत नाही. माझ्या पाहण्यातल्या प्राथमिक वाचनपुस्तकांत आणि शालेय कोशांत च-ज यांचे भेद शब्दागणिक दाखवलेले नाहीत. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाचे निभावते; निम्मे उच्चार त्याने पाळण्यातच उचललेले असतात. पण आमच्या जिल्ह्यात तांड्यावरच्या लेकरांची घरची बोली गोरमाटी आहे. त्यांना मराठी मिळते ती बरीचशी शाळेत आणि अक्षरांतून. त्यातही दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की अनेक लेकरे आईबापांबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा मुलाने ‘चारा’ टाळूने वाचला किंवा ‘वाचा गेली’ दातांनी वाचले, तर त्याला शिकवणारे पुस्तक कोणते? शहरातल्या इंग्रजी शाळांतल्या मुलांचेही आता तेच होते आहे. माझी नात ‘जग’ हा शब्द दोन्ही अर्थी टाळूनेच उच्चारते. माझ्या फोनमधली मजकूर वाचून दाखवणारी बाईही तसेच करते. तिला मी ‘चार शेळ्या चार’ वाचायला लावले. तिने दोन्ही वेळा चार शेळ्याच मोजल्या.

पहिली-दुसरीच्या पुस्तकांत आणि कोशांत दातांच्या च, ज, झ खाली एक टिंब छापावे, एवढेच माझे मागणे आहे. मोठ्यांच्या पुस्तकांत ते नको. मोठ्यांना फुरिगाना लागत नाही. यावर दोन आक्षेप मला तोंडावर ऐकवले गेले. पहिला, उर्दू-हिंदीत ‘ज’खालच्या टिंबाचा उच्चार निराळा, मुलांचा गोंधळ होईल. हा आक्षेप खरा आहे. खूण दुसरी निवडावी. दुसरा, सगळीकडे एकच उच्चार ठरवता येणार नाही. हाही खरा. ‘राजा’ संस्कृत शब्द असूनही त्याचा ज आपण दातांचा करतो, आणि ‘राज्य’ म्हणताना टाळूवर जातो. काही शब्दांत विदर्भ आणि कोकण यांचे जमत नाही, काही शब्दांत एकाच घरातल्या सासू-सुनेचे जमत नाही. जपानी यादीतही दोन वाचने चालणारी अक्षरे आहेत. तिथे दोन्ही छापतात.

भाचा परत जायला निघाला तेव्हा मी त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर ‘वाचा’ हा शब्द तीनदा लिहून दिला: एक टिंबाशिवाय, दोन टिंब देऊन. त्याने बराच वेळ पाहिले आणि विचारले, “मामा, ह्यातला तिसरा कोणता?”

“जीव वाचवा म्हणतो तो,” मी म्हणालो.

“मग दुसरा आणि तिसरा दिसायला सारखेच की.”

“सारखेच.”

त्याने खिशातून पेन काढले आणि तिसऱ्या ‘वा’च्या डोक्यावर, जपानी पुस्तकात छापतात तेवढ्याच बारीक अक्षरात, एक अनुस्वार दिला.